मृत्युपत्र आणि अग्रलेख

रायपूरहून मी पुन्हा एकदा आपल्यासमोर आलो आहे. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "साहेब, आज वकिली कुठून काढली?" मी वकील नाही. बी.ए.ला इतिहास घेतला होता, नंतर सगळी नोकरी फौजेत काढली. पण फौजेत कोर्ट ऑफ इन्क्वायरीला बसावं लागतं, जबान्या लिहून घ्याव्या लागतात, आणि तिथे एक गोष्ट अंगवळणी पडते. पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: काय घडलं? कोणी पाहिलं? कागद कुठे आहे? त्या सवयीनेच मी आजचा इतिहास वाचला आहे.

सुरुवात १८७० सालापासून करू. त्या एका वर्षात कलकत्त्याच्या इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एक हिंदू विल्स अ‍ॅक्ट. मृत्युपत्र लेखी हवं, त्यावर साक्षीदार हवेत, ही शिस्त त्याने बंगालच्या इलाख्यात आणि मुंबई, मद्रास या शहरांत हिंदूंच्या मृत्युपत्रांना लावली. दुसरा कायदा दंडसंहितेच्या दुरुस्तीचा. त्यातून राजद्रोहाचं कलम १२४ अ जन्माला आलं. म्हणजे मेल्यानंतर माणसाचे शब्द कसे वाचायचे आणि जिवंत माणसाचे छापील शब्द कसे वाचायचे, या दोन्हींचे नियम एकाच वर्षी झाले. आणि पुढे महाराष्ट्रातल्या एका माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात येऊन धडकले. तो माणूस म्हणजे बाळ गंगाधर टिळक.

टिळकांकडे वळण्याआधी आपल्या रायपूरचं थोडं सांगतो, कारण वारशाचा कायदा म्हणजे काय हे या गावाने फार लवकर अनुभवलं.

छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे होतं. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता आणि हयातीत दत्तक घेतलेला नव्हता. राजघराण्यातल्या स्त्रियांनी धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायची तयारी केली. लॉर्ड डलहौसी म्हणाला, खासगी मालमत्तेचं तुम्ही काहीही करा, राज्याचा वारस आमच्या मंजुरीशिवाय होणार नाही. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, राजवाड्यातले हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात निघालं, आणि रायपुरात इंग्रज अंमलदार येऊन बसला. आज आपल्यातल्या कित्येक मराठी घरांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले होते. त्यांच्या डोक्यावरचं सरकार बदललं ते एका न लिहिलेल्या कागदामुळे. रघूजींनी दत्तक घेतला असता तरी डलहौसीने वाट काढली असती, असं कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण मेलेल्या माणसाने काही सांगितलं नसेल तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ ज्याच्या हाती सत्ता आहे तोच लावतो, हे नागपूरने पाहिलं.

आता पुण्याला चला. साल १८९७. प्लेगचे दिवस, रँडचा खून झालेला. २७ जुलैला टिळकांना केसरीतल्या मजकुरावरून राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडलं. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. टिळक पुण्यात येतात न येतात तोच त्यांचे स्नेही, पहिल्या दर्जाचे सरदार बाबा महाराज पंडित पटकीने अंथरुणाला खिळले. ७ ऑगस्टला त्यांनी मृत्युपत्र केलं आणि त्याच दिवशी प्राण सोडला. विश्वस्तांत टिळकांचं नाव होतं, अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांचंही होतं. स्वतःच्या मानेवर खटल्याची तलवार असताना टिळकांनी मित्राच्या इस्टेटीची जबाबदारी घेतली. इस्टेट कर्जात होती.

मृत्युपत्रातला मुख्य मुद्दा असा. बाबा महाराजांची पत्नी सकवारबाई, म्हणजे ताई महाराज, तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला तर प्रश्न नाही. झाला नाही, किंवा होऊन वारला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आत गेला. आता दत्तक आलाच.

जून १९०१ मध्ये विश्वस्त ताई महाराजांना घेऊन औरंगाबादला गेले. पंडित घराण्याची निधोण्याची शाखा तिकडची. तिथला जगन्नाथ नावाचा मुलगा पसंत झाला आणि दत्तविधी झाला, असं टिळकांचं म्हणणं. पुण्याला परतल्यावर ताई महाराजांचं मन पालटलं. त्यांनी विश्वस्तांचा अधिकार काढून घ्यावा म्हणून कोर्टात अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूर शाखेतले बाळा महाराज दत्तक घेतले. एका इस्टेटीला दोन दत्तक झाले.

इथे मला दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. ताई महाराज वयाने अगदी लहान होत्या. नवरा गेला, मूल गेलं, आणि घरात कोण वारस येणार हे पाच पुरुषांच्या संमतीवर. त्या काळच्या कायद्यात विधवेला नवऱ्याच्या मिळकतीवर मर्यादित हक्क, विकायचा नाही, हवा तसा द्यायचा नाही. त्यांनी बंड केलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. दुसऱ्या बाजूला, दत्तक एकदा झाला की तो मोडता येत नाही. जन्माने मिळालेलं मूल जसं परत करता येत नाही तसं. तेव्हा सगळा खटला एकाच प्रश्नावर उभा राहिला: औरंगाबादला देणं-घेणं झालं का? मुलाला जन्मदात्याने दिलं आणि ताई महाराजांनी मांडीवर घेतलं का?

हा प्रश्न "काय घडलं?" या जातीचा आहे. साक्षीदार बोलवा, उलटतपासणी घ्या, पत्रं पाहा. सोपा वाटतो ना? त्याला चौदा वर्षं लागली. १९०२ मध्ये पुण्याचे जज्ज अ‍ॅस्टन यांनी टिळकांविरुद्ध निकाल देऊन वर त्यांच्यावरच खोटी साक्ष आणि बनावट कागद यांचे फौजदारी आरोप ठेवायला लावले. ऑगस्ट १९०३ मध्ये मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी दिली. अपिलात ती सहा महिने झाली. मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी शिक्षा रद्द केली. दिवाणी दावा वेगळा चालूच होता. १९०६ मध्ये पुण्यात निकाल टिळकांच्या बाजूने लागला. १९१० मध्ये हायकोर्टाने तो फिरवला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शेवटी २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचा दत्तक खरा ठरवला. ताई महाराज तो निकाल पाहायला राहिल्या नव्हत्या.

त्या निकालातली एक गोष्ट आजही वकील कोर्टात सांगतात. साक्षीदाराला खोटं ठरवायचं असेल तर ज्या गोष्टीवरून तो खोटा म्हणता ती त्याच्यासमोर ठेवा, त्याला उत्तर द्यायची संधी द्या. ती न देता मागाहून त्याला लबाड म्हणता येणार नाही. आमच्या फौजी चौकशीतसुद्धा ज्याच्या चारित्र्यावर शिंतोडा उडणार असेल त्याला हजर ठेवून साक्षीदारांना प्रश्न विचारू द्यावे लागतात. तत्त्व तेच.

आता त्याच माणसाचे दुसरे खटले पाहा.

सप्टेंबर १८९७. न्यायमूर्ती स्ट्रॅची. कलमात शब्द होता "डिसअफेक्शन", अप्रीती. स्ट्रॅचींनी ज्युरीला सांगितलं, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नाही एवढंसुद्धा पुरे! ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. दीड वर्षाची शिक्षा. आणि पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलम दुरुस्त करून द्वेष आणि तुच्छता हे शब्द त्यात घातले. आधी न्यायाधीशाने अर्थ ताणला, मग कायदेमंडळाने तो ताण कायम केला.

१९०८ मध्ये पुन्हा. "देशाचे दुर्दैव" आणि "हे उपाय टिकाऊ नाहीत" हे केसरीतले अग्रलेख. न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते. ज्युरी सात युरोपीय, दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी. टिळक स्वतः एलएल.बी. होते, दिवसेंदिवस भाषण करून त्यांनी आपली बाजू मांडली, मराठी शब्दांची भाषांतरं कशी चुकली तेही दाखवलं. उपयोग झाला नाही.

का झाला नाही? माझ्या मते कारण प्रश्नात आहे. दत्तकाच्या खटल्यात कायदा विचारत होता, औरंगाबादला काय घडलं. राजद्रोहाच्या खटल्यात कायदा विचारत होता, हा लेख वाचून वाचकाच्या मनात काय उठेल. पहिल्या प्रश्नाला साक्षीदार आणता येतो. दुसऱ्याला कुठून आणणार? तिथे न्यायाधीशाचं आणि ज्युरीचं मन हाच पुरावा होतो. म्हणून पहिल्या खटल्यात खालचं कोर्ट चुकलं तरी वरचं कोर्ट कागद तपासून दुरुस्त करू शकलं. दुसऱ्यात दुरुस्त करायला कागदच नव्हता.

१९१६ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. स्वराज्यावरच्या व्याख्यानांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. त्यांच्या वतीने मोहम्मद अली जीना उभे राहिले. हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी व्याख्यानं सुटी वाक्यं तोडून नव्हे, संपूर्ण वाचली आणि हुकूम रद्द केला. माणूस तोच, कलमाची व्याख्या तीच, फक्त वाचणारे बदलले. नागरिकाचं स्वातंत्र्य जर कोणता न्यायाधीश नेमला जाईल यावर टांगलेलं असेल, तर तो कायदा धड नाही.

या कायद्याचा फटका आपल्या रायपूरलाही बसला. पंडित माधवराव सप्रे हे नाव इथे शाळेमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. जन्म दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, शिक्षण बिलासपूर, रायपूरला. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी "छत्तीसगढ मित्र" काढलं. त्यात १९०१ साली आलेली त्यांची "एक टोकरी भर मिट्टी" ही कथा हिंदीतल्या पहिल्या कथांपैकी मानतात. विषय काय? एक जमीनदार कोर्टकचेरी करून गरीब विधवेची झोपडी बळकावतो. ज्या वर्षी ताई महाराजांचं प्रकरण पेटलं त्याच वर्षी छत्तीसगडात ही कथा छापली जात होती.

१९०७ मध्ये सप्र्यांनी नागपूरहून "हिंदी केसरी" सुरू केला. ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांनाही १२४ अ खाली पकडलं. घरच्यांचा दबाव आला, विशेषतः थोरल्या भावाचा, आणि माफीनाम्यावर सही करून ते सुटले. ती सही त्यांना फार जड गेली. काही काळ त्यांनी सार्वजनिक जीवन सोडलं, माधुकरी मागून राहिले. पुढे दासबोध हिंदीत आणला, गीतारहस्य हिंदीत आणलं, आणि १९२६ मध्ये इथेच रायपुरात देह ठेवला. मी फौजी माणूस आहे, पण सप्र्यांना भित्रा म्हणणाऱ्यांत मी नाही. हा कायदा शिक्षा देऊन जेवढं काम करतो त्याहून जास्त काम घरातल्या माणसांना घाबरवून करतो. पेपर बंद पडला की सरकारचं काम झालं.

आता ज्या ठिकाणी हे दोन्ही कायदे एकमेकांना भिडले तिथे येऊ. टाइम्सचे प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये "इंडियन अनरेस्ट" हे पुस्तक काढलं. त्यात टिळकांवर बरेच आरोप होते आणि ताई महाराज प्रकरणही होतं. टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. त्यांच्या बाजूने सर जॉन सायमन, चिरोलच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन. फेब्रुवारी १९१९ मध्ये इंग्रज ज्युरीने टिळकांविरुद्ध निकाल दिला. म्हणजे पाहा, दत्तकाच्या बाबतीत साम्राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने १९१५ मध्ये टिळकांना खरं ठरवलं होतं. पण अब्रूच्या दाव्यात प्रश्न पुन्हा मनाचाच होता: हा माणूस ज्युरीला कसा वाटतो? खर्चाचा डोंगर अंगावर पडला आणि तो फेडायला लोकांनी वर्गणी काढली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. दुसऱ्याच्या मृत्युपत्रासाठी चौदा वर्षं झुंजलेल्या या माणसाच्या मागे त्याच्या मुलांत आणि केसरीच्या विश्वस्तांत गायकवाडवाड्यावरून वाद झाला आणि तो कोर्टापर्यंत गेला. वर्तमानपत्र ही मालमत्ताही असते आणि लोकांचा ठेवाही असतो. ते कोणाचं, कुटुंबाचं की संस्थेचं, हे दोघांनाही पटेल असं लिहून ठेवणं फार अवघड काम आहे.

स्वातंत्र्यानंतर काय झालं? वारशाच्या बाजूला कायदेमंडळाने बराच धुरळा बसवला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने स्त्रीचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा केला. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागला आणि झालेला दत्तक रद्द होत नाही हे कलमात लिहिलं गेलं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलासारखा हक्क मिळाला, आणि त्यावरचे घोळ सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटवले. आज ताई महाराज असत्या तर पाच विश्वस्तांच्या संमतीची वाट त्यांना पाहावी लागली नसती.

छापील शब्दाच्या बाजूला प्रवास नागमोडी आहे. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने म्हटलं, अशांतता माजण्याचा संभव असेल तरच राजद्रोह. १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते पुसून पुन्हा स्ट्रॅचींची वाट धरली. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने कलम ठेवलं, पण हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी हवी अशी मर्यादा घातली. ११ मे २०२२ रोजी कोर्टाने ते कलम स्थगित ठेवायला सांगितलं. त्या खटल्याला ज्यांचं नाव आहे ते एस. जी. वोंबटकेरे हे निवृत्त मेजर जनरल आहेत, हे मी अभिमानाने सांगतो. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. राजद्रोह हा शब्द गेला, पण कलम १५२ आलं. त्यात देशाचं सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृती आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे. देश फुटू नये म्हणून मी गणवेश घातला होता, तेव्हा हेतूशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की तपास अधिकाऱ्याने आणि कोर्टाने "काय घडलं?" विचारावं, "कोणाला काय वाटलं?" नव्हे. "वाटण्या"वर उभं असलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ याच कारणाने मार्च २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. त्या दाव्याला निमित्त पालघरचं होतं. २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून तिथे दोन मुलींना अटक झाली होती.

आता तुमच्या-माझ्या कामाचं. फौजेत एक पक्का समज आहे की लढाईवरच्या जवानाने दोन साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलं तरी मृत्युपत्र होतं. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ६५ आणि ६६ अशी सवलत देतात खरी. पण हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्या मृत्युपत्रांना लागू होणाऱ्या कलमांच्या यादीत, म्हणजे तिसऱ्या परिशिष्टात, ही दोन कलमं नाहीत. तेव्हा आपल्या पोराला बजावून सांगा: कागदावर लिही, सही कर, दोन साक्षीदारांनी तुला सही करताना पाहून स्वतः सह्या करू देत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

दुसरं, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. विम्याबाबत १९८३ मध्येच तसं ठरलं होतं. शेअरबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं, आणि तो वाद कालनिर्णयचे जयंत साळगावकर यांच्या मिळकतीतूनच वर गेला होता. साधारणपणे नॉमिनी हा पैसे हाती घेणारा विश्वासू माणूस, मालक मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतो.

तिसरं, तुम्ही काही लिहीत असाल, व्हिडिओ करत असाल, चॅनेल चालवत असाल, तर त्याचे हक्क, पासवर्ड आणि येणारा पैसा मागे कोणाकडे जाणार हे त्याच कागदात लिहा. आणि जे बोलाल त्याची मूळ प्रत, संपूर्ण, तारखेसह जपून ठेवा. उद्या कोणी एक वाक्य तोडून दाखवलं तर सगळं भाषण पुढे ठेवता आलं पाहिजे. १९१६ मध्ये टिळक सुटले ते भाषण संपूर्ण वाचलं गेलं म्हणून.

मृत्युपत्र या आठवड्यात करून टाका. मुलगा-सून, लेक-जावई यांना कागद कुठल्या कपाटात आहे ते सांगा, आणि घरातल्या बाईला सगळ्यात आधी.

जय हिंद.